महादेवाच्या गाभाऱ्यात एक पोतं मीठ

लग्नाच्या पंगतीत माझी ओळख करून देताना आमचे मेहुणे नेहमी म्हणतात, "हे पाणी सांगतात." समोरच्या गृहस्थांचा हात जिलबीवरच थांबतो आणि ते आदरानं विचारतात, "तुमच्या हातावर नारळ उभा राहतो का हो?" मी सांगतो, नाही, आमचं खातं सरकारी, आमच्याकडे नारळाऐवजी यंत्र असतं. एवढं ऐकलं की त्यांचा माझ्यातला रस संपतो आणि जिलबीतला पुन्हा सुरू होतो.

घरातही माझ्या विद्येला फार मान आहे असं नाही. धुळ्याला घर बांधलं तेव्हा अंगणातल्या बोअरची जागा मी स्वतः, खडूनं फुली मारून दाखवली. दीडशे फूट नुसता धुरळा निघाला. शेजारच्या कापडवाल्या शेठजींनी आमच्या कुंपणापासून आठ पावलांवर, आणि माझ्या स्पष्ट सल्ल्याविरुद्ध, बोअर घेतली. तिचं पाणी गेली सहा वर्षं आमच्या घरात नळीनं येतं. पाहुण्यांपुढे तांब्या ठेवताना आमची ही आवर्जून सांगते, "शेठजींचं आहे, घ्या निर्धास्त."

तरी पंचवीस वर्षं मी हेच काम केलं, आणि मजेत केलं. काम समजायला सोपं आहे. जमिनीखाली नद्या वाहतात असं पुष्कळांना वाटतं. आमच्याकडे तसं काही नाही. तापीकाठचा, यावल-रावेरकडचा गाळाचा पट्टा सोडला तर आमचा बराचसा मुलूख काळ्या खडकाचा. तप्त रस एकावर एक पसरला आणि थिजला, भाकरींची चवड रचावी तसा. भाकरीत पाणी नसतं. असलंच तर दोन भाकरींच्या मधल्या फटीत, तडकलेल्या पापुद्र्यात किंवा वरच्या मुरुमात असतं. ती फट शोधायची, एवढाच धंदा.

शोधण्याआधी मात्र मोजावं लागतं. जिल्ह्यातल्या ठरावीक विहिरींचं पाणी किती खाली आहे ते आम्ही नियमानं मोजत असू. पोलादी टेपच्या टोकाला हातभर खडू फासायचा, टेप आत सोडायची, वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत पाणी. आकडा वहीत पेन्सिलीनं लिहायचा. मोजणीसाठी आम्हाला आवडे ती टाकून दिलेली विहीर, कारण तिचं पाणी कोणी उपसत नाही. पातळी वरखाली होते ती फक्त जमिनीच्या मर्जीनं. गावोगावच्या अशा पडीक विहिरींत डोकावत फिरणारा माणूस म्हणून माझी ख्याती होती. एका गावात तर मला जीव द्यायचा आहे अशा समजुतीनं दोघांनी मागून घट्ट धरलं होतं.

आता सांगतो ती गोष्ट साक्रीच्या बाजूच्या एका गावची. नाव लिहीत नाही, कारण अजून तिथून लग्नाच्या पत्रिका येतात.

बहात्तरचा पाऊस गेला आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा लागला. या गावची पिण्याची विहीर आटली होती. पांझरा नदीच्या वाळूत झिरे खणून, लाकडी पिंपं बैलगाडीवर घालून लोक दोन कोसांवरून पाणी आणत. सरकारनं गावाला दुष्काळी कामातून एक नवी विहीर मंजूर केली आणि तिची जागा दाखवायला मला धाडलं. मी तेव्हा नोकरीत नवा, अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात पुस्तक.

यंत्राचं काम असं, की चार लोखंडी सळया ओळीनं जमिनीत ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची आणि जमीन तिला किती अडवते ते वाचायचं. कोरडा खडक फार अडवतो, ओला कमी. पण माती वाळकी असली तर ती विजेला आत शिरूच देत नाही. सळयांच्या बुडाशी पाणी ओतावं लागतं. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "दोन हंडे पाणी आणा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी महादेवाच्या देवळाची झाडलोट करणारी एक म्हातारी, सगळ्या गावाची अक्का, आपल्या घरातला एकुलता एक हंडा कमरेवर घेऊन आली. तो तिनं माझ्या पायाशी ठेवला आणि अहिराणीत विचारलं, "पानी धुंडाले पानी लागस का रे भाऊ?"

"लागतं अक्का."

"मंग ज्याना घर पानी शे त्यालेच तू पानी धुंडी दिशी."

लोक हसले. मीही हसलो, कारण काय उत्तर द्यावं ते पुस्तकात नव्हतं. तिचं पाणी मी चारही सळयांना थेंब थेंब करून घातलं आणि देवळाच्या पश्चिमेला, चाळीस पावलांवर, जागा दाखवली. दुष्काळी कामावरच्या माणसांनी तिथे महिनाभर खोदलं. सुरुंग लावले. काळाकुट्ट, अखंड, लोखंडासारखा खडक निघाला. त्यात ओल म्हणून नव्हती. माझ्या कारकिर्दीतली ती पहिली विहीर, आणि तिच्यात उतरलेलं पहिलं पाणी म्हणजे माझा घाम.

सरपंच नाना साठीचे, उंच, बोलायला मोजके. हातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्याला बोलवू म्हणणाऱ्या अर्ध्या गावाला गप्प करून त्यांनी माझ्या यंत्राची बाजू घेतली होती. ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, "साहेब, आम्हनं नशीब." मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात आमचे साहेब म्हणाले, "आणखी एक जागा देता येईल. तीही कोरडी गेली तर त्या गावापुढे 'अयोग्य' असा शेरा मारून विहीर दुसऱ्या गावाला द्यावी लागेल. यंत्र पुन्हा नेऊ नका. आधी डोळे न्या."

डोळे नेण्यासाठी मी दर सोमवारी गावात जाऊ लागलो. देवळाच्या पूर्वेला एक जुनी पडीक विहीर होती. तळाला गुडघाभर शेवाळलेलं पाणी, वर पारव्यांची वस्ती. ती आमच्या मोजणीच्या यादीत होती. आठवड्याला चार बोटं, तीन बोटं अशी ती खाली चालली होती.

एप्रिलातल्या एका सोमवारी खडू वीतभर जास्त भिजून आला.

आता या ठिकाणी माझी चूक सांगतो. ती आमच्या धंद्यातलाच माणूस करील, दुसरा कोणी करणार नाही. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, अरे, पाणी चढलं. मला वाटलं, आकडा चुकला. ऐन उन्हाळ्यात पाणी चढत नाही, हे मला परीक्षेत आलेलं होतं आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. तेव्हा मागच्या सोमवारीच मी टेप वेडीवाकडी सोडली असणार. मी खिशातून खोडरबर काढलं, मागच्या आठवड्याचा आकडा नीट पुसला आणि असा दुरुस्त केला की पाणी खालीच चालल्यासारखं दिसावं. वही सुंदर दिसू लागली. मी चहा पिऊन धुळ्याला परतलो.

त्या दिवसांत गावात काय चाललं होतं ते मला पुढच्या सोमवारी कळलं. पाऊस यावा म्हणून गावानं महादेव बुडवायला घेतला होता. रीत अशी, की गाभाऱ्यातून पाणी बाहेर जायची मोरी चिंध्या आणि चिकणमातीच्या बोळ्यानं बंद करायची आणि पिंड पूर्ण बुडेपर्यंत गाभारा भरायचा. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाठवतो. प्रत्येक घरानं दोन-दोन हंडे दिले होते, पांझरेवरून आणलेल्या पाण्यातले, स्वतःच्या पोरांच्या तोंडचे. सोमवारी संध्याकाळी पिंड बुडाली. मंगळवारी सकाळी बघावं तर देव कोरडा. पुन्हा भरला, पुन्हा कोरडा. दोन आठवड्यांत चारदा असं झालं.

मी पोचलो तेव्हा देवळापुढे पंधरा-वीस माणसं उभी होती आणि अक्का पायरीवर बसली होती. मोरी बंद करायचं काम तिचं. देवळाच्या चाकरीबद्दल प्रत्येक घरातून सुगीला मिळणाऱ्या पायलीभर ज्वारीवर तिचं वर्ष निघे. नवरा कधीच गेला होता, पुढे-मागे कोणी नव्हतं. लोकांचं म्हणणं, ही म्हातारी झाली, हिच्या हाताला जोर नाही, हिनं गावाचं पाणी वाया घालवलं. चाकरी दुसऱ्याला द्यावी. एकानं तर ती बोळा काढून रात्री पाणी घरी नेते असंही सुचवलं.

नाना म्हणाले, "अक्का, खरं सांग. बोळा ढिला राही गया का?"

"नही. मी स्वतः लावा. घट्ट लावा."

"मंग इतलं पानी गयं कोठे?"

"महादेवले इचार. त्याना घर गयं, मन्हा घर नही उनं."

"येत्या सोमवारलोंग पानी टिकनं नही तर आम्हले दुसरा मानूस देखना पडी," नाना म्हणाले. अक्का पदराच्या टोकानं पायरीवरची धूळ पुसत राहिली, जिथे धूळ नव्हती तिथली सुद्धा.

मी तिथून गुपचूप विहिरीकडे गेलो आणि टेप सोडली. खडू आणखी चार बोटं वर भिजला होता. आधीचा आकडा बरोबर होता. पाणी खरंच चढत होतं. आणि गेल्या आठवड्यात मी तो आकडा पुसला नसता, कोणाला नुसतं विचारलं असतं की गावात नवं काय घडलं, तर त्या म्हातारीला आजची पायरी बघावी लागली नसती.

मी देवळात परत येऊन म्हणालो, "नाना, मला गाभाऱ्यात जाऊ द्या."

आत गेल्यावर दिसलं ते असं. गाभाऱ्याला फरशी नव्हती. तळ म्हणजे मूळचा खडक आणि पिंडही त्याच खडकाचा वर आलेला उंचवटा. बोळा दगडासारखा घट्ट. पिंडीच्या पूर्वेला मात्र बोटाच्या पेराएवढी चीर, गाळानं झाकलेली. मी तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते वळूनही न बघता आत गेलं.

बाहेर येऊन मी त्यांना माझा तर्क सांगितला. पाणी या चिरेतून त्या पडीक विहिरीत जातंय. लोकांना तो पटला नाही, आणि खरं म्हणजे मलाही पुरता पटायचा होता. एक विहीर कोरडी घालवलेल्या माणसाला तर्कावर जगता येत नाही. म्हणून म्हणालो, "पुन्हा एकदा गाभारा भरू. पण या वेळी पाण्यात मीठ घालू. विहिरीचं पाणी खारट झालं तर वाट सापडली."

नाना म्हणाले, "देवले मीठ?"

"एक पोतं."

"साहेब, पाऊस नही उना तर गाव म्हनी, साहेबनी देव खारा करा."

पायरीवरून अक्का म्हणाली, "समुद्रम्हा देव नही शे का? तठे काय मीठ काढी टाकतस?"

साक्रीला ज्यांचं दुकान होतं त्या मारवाडी शेठजींकडून मी मिठाचं पोतं आणलं. ते म्हणाले, "साहेब, एवढं मोठं लोणचं? कैरी कुठाय पण?" मी सांगितलं, देवासाठी नेतोय. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि पोतं गाडीत टाकताना हात जोडले, मिठाला की माझ्या डोक्याच्या अवस्थेला ते कळलं नाही.

सोमवारी गावानं पाचव्यांदा हंडे दिले. या वेळी देणाऱ्यांचे चेहरे देवाकडे नव्हते, माझ्याकडे होते. अक्कानं सगळ्यांच्या देखत बोळा लावला आणि नानांनी स्वतः तो दाबून पाहिला. मीठ विरघळवून पिंड बुडवली. मग मी विहिरीवर जाऊन बसलो. बादलीनं पाणी काढायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं. दर अर्ध्या तासानं. आधी ते शेवाळासारखं लागलं, मग पारव्यासारखं. दुपारनंतर मला सगळंच खारट लागू लागलं. खात्रीसाठी मी घरून आणलेली पोळी चाखली, तीही खारट. नानांनी विचारलं, "काय साहेब?" मी म्हणालो, "खारट आहे. पण पोळीही आहे."

मंगळवारी सकाळी गाभारा पुन्हा कोरडा होता. सारं गाव विहिरीभोवती जमलं. मी बादली काढली, पण माझ्या जिभेवर माझाच भरवसा राहिला नव्हता. मी ओंजळ अक्कापुढे धरली. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले आणि पचकन थुंकली.

"खारं शे."

मग नानांनी चाखलं. मग एकेक करून सगळ्यांनी. ज्यानं रात्री पाणी घरी नेल्याचं सुचवलं होतं त्यानं दोनदा चाखलं. पश्चिमेच्या माझ्या कोरड्या खड्ड्यातही मी उतरून पाहिलं. तो होता तसाच ठणठणीत.

आता कोडं सुटलं. गावाला लागून एक लांबट काळा उंचवटा होता आणि देऊळ नेमकं त्याच्या माथ्यावर होतं. थिजलेल्या भाकरींची चवड कधी तरी उभी चिरली गेली असणार. त्या चिरेत खालून नवा रस चढला आणि तिथेच घट्ट झाला. म्हणजे जमिनीत एक उभी भिंत झाली. भिंतीच्या पश्चिमेचा खडक अखंड. माझी पहिली विहीर तिथे गेली. पूर्वेच्या अंगाला मात्र खडक तडकलेला, आणि त्या तडकलेल्या पट्ट्यातून पाणी भिंतीच्या कडेकडेनं सरकत होतं. पडीक विहिरीतून भिंतीला समांतर अशी रेघ मी पुढे नेली. ती गावाखालच्या नाल्याला जिथे छेदत होती तिथे खुंटी ठोकली. नाल्याचं चार महिन्यांचं पाणी आणि ही भिंत, दोघं तिथे भेटत होती.

अहवाल लिहिताना मात्र माझी छाती झाली नाही. महादेव लिहिला तर वरचे लोक काय म्हणतील? मी लिहिलं, 'एका दगडी टाकीत क्षार मिसळून चाचणी घेतली.' साहेबांनी वाचून विचारलं, "ही टाकी कोणाच्या मालकीची?"

"सार्वजनिक आहे, सर."

त्यांनी वही पुढे ओढली. "आणि वहीत हा आकडा पुसून पुन्हा का लिहिलाय?"

मी सगळं सांगितलं, महादेवासकट. त्यांनी माझ्या टेबलावरचं खोडरबर उचललं, आपल्या खणात ठेवलं आणि खणाला कुलूप लावलं. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी शाईनं लिहीत आलो. अहवालात अक्काचं नाव कुठेच नाही. 'स्थानिक रहिवाशांचे सहकार्य लाभले' असं एक वाक्य आहे, ते तिच्याबद्दल. याची मला अजून लाज वाटते, आणि हे लिहायला बसलो त्याचं अर्धं कारण तेच.

खोदाई सुरू झाली तसा माझा धीर सुटला. मी जळगावच्या बाजूला, पहूरकडे, दौरा मागून घेतला आणि तिथल्या विहिरींत नको इतका वेळ डोकावत राहिलो. तीन आठवड्यांनी नानांचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी होत्या. 'सोमवारी येणे. जोडे घालून येऊ नये.'

गेलो तर बावीस हातांवर पाणी लागलं होतं, पूर्वेच्या कडेनं, बोटभर जाडीच्या तीन धारांनी. गढूळ पाणी चार दिवस उपसून टाकलं होतं. पण पूजा झाल्याशिवाय कोणी प्यायलं नव्हतं. विहिरीच्या काठाला हळद-कुंकू लागलं. असल्या वेळी पहिलं पाणी सवाष्णीच्या हातात द्यायची रीत. दोन-तीन जणी नवी लुगडी नेसून पुढे उभ्याही होत्या. अक्का मागे, बांधाला टेकून होती.

नानांनी पितळी लोटा भरून घेतला. मला वाटलं, मला देतात की काय, आणि मी नको-नको म्हणायची तयारीही केली. ते माझ्यावरून, नव्या लुगड्यांवरून पुढे गेले आणि अक्कापुढे उभे राहिले. लोटा पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"नाना," ती म्हणाली, "बोळा घट्ट व्हता ना?"

"घट्ट व्हता, अक्का."

"जोरमा सांगा. मांगना लोकेस्ले ऐकू नही उनं."

नाना गावाकडे वळले. आयुष्यात त्या माणसानं कधी आवाज चढवला नसेल. त्यांनी घसा साफ केला आणि विहिरीच्या तळापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्काना बोळा घट्ट व्हता."

मग तिनं लोटा घेतला आणि सगळा पिऊन टाकला.